डावा ब्रेकलाइट

परळच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने गाडीच्या काचेवर टकटक केली. "मॅडम, डावा ब्रेकलाइट लागत नाहीये. आत पाणी हलतंय बघा, फिशटँकसारखं."

पाण्याचं जुईला माहीत होतं. तिचे सासरे वीरेंद्र विजयकर यांनी वर्षभरात तीनदा त्या दिव्याला फटी बुजवायचं सिलिकॉन लावलं होतं. गाडी त्यांचीच. काचबिंदू निघाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं आणि चावी जुईकडे आली. नवरा सिद्धांत जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर. चालवणं सुटलं तरी टायरची हवा, वायपर, किरकोळ दुरुस्त्या वीरेंद्रनी स्वतःकडेच ठेवल्या होत्या. दिव्यात पाणी दिसलं की ते ट्यूब घेऊन खाली जायचे आणि आधीच्या थरावर आणखी एक थर चढवायचे.

रविवारी सकाळी ते शिवाजी पार्कला फेरी मारायला गेले, तेव्हा जुईने डिकी उघडली. दिव्याचे दोन नट सोडवले, वायरचा सॉकेट काढला आणि दिवा मागे ओढला. तो सुटेना. जुन्या सिलिकॉनने तो गाडीच्या पत्र्याला चिकटून बसला होता. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढून तिने हेअर ड्रायर लावला. थर मऊ झाल्यावर दिवा हळूहळू हाताशी आला.

तिने तो कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवला आणि खरवडायला बसली. सुरीने लाल काचेवर ओरखडे उठले असते, म्हणून मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतलं. पिवळट पडलेलं सिलिकॉन रबराच्या पट्ट्यांसारखं निघत होतं. दिव्याच्या तळाशी एक गोळा होता. तो उचकटला तर खाली बारीक भोक निघालं. तिने टूथपिकने ते मोकळं केलं आणि आतलं पाणी थेंब थेंब वर्तमानपत्रावर पडू लागलं. भोक कंपनीनेच ठेवलेलं होतं. मग तिने दिवा उजेडात फिरवून पाहिला. वरच्या कडेला केसासारखी चीर होती. तिच्यावर सिलिकॉनचा ठिपकासुद्धा नव्हता.

"हा कोणी काढला?"

वीरेंद्र मागे उभे होते. बुटांना मैदानाची लाल माती लागलेली.

"मी, बाबा."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा सिलिकॉन लावलं असतंत."

त्यांनी वाकून ओला कागद पाहिला, मग ते भोक. "पाणी इथून निघायचं होतं?"

"हो. आत शिरतंय वरच्या चिरेतून."

"आणि निघायची जागा मी बुजवली."

जुईला 'तसं नाही' म्हणता आलं असतं. ती "हो" म्हणाली. वीरेंद्र जिना चढून वर गेले.

चीर स्पिरिटने पुसून तिने तिच्यावर सिलिकॉनची एक बारीक रेघ ओढली आणि दिवा सुकायला ठेवला. पत्र्यावरचा थर काढायला दुपार गेली. रात्री जेवताना सासूबाईंनी, नलूताईंनी, दोघांकडे पाहिलं आणि आमटी वाढली. आपण चुकीचं काही बोललो नाही, हे जुईला पटत होतं. तरी ती ताट घेऊन लवकर उठली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने नवा बल्ब घालून दिवा बसवला. ब्रेक दाबायला कोणीतरी हवं होतं. तिने वर फोन केला. उचलला वीरेंद्रनी.

"बाबा, खाली येता का? ब्रेक दाबायचाय."

ते आले. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बऱ्याच दिवसांनी बसले होते. सीट जुईच्या उंचीला पुढे घेतलेली होती, गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यांनी सीट मागे घेतली नाही.

"दाबू?"

"दाबा."

"लागला का?"

"लागला."

"डावा?"

"डावाच बघतेय मी."

मग तिने बागेचा पाइप दिव्यावर धरला. बराच वेळ धरला. आत एक थेंबही आला नाही. वीरेंद्र ब्रेकवर पाय ठेवून तसेच बसले होते.

"सोडा आता, बाबा."

त्यांनी पाय काढला, पण उतरले नाहीत. उघड्या खिडकीतून म्हणाले, "मला वाटायचं, चारी बाजूंनी बंद केलं की झालं."

"मलाही आधी तसंच वाटलं होतं. काढल्यावर कळलं."

जुईने पाइप गुंडाळायला घेतला.

"जुई, उजव्यालाही लावलंय मी."

"उजव्याला कशाला? तो तर गळत नव्हता."

"खबरदारी म्हणून."

जुईला हसू आलं. ते दाबायच्या आत वीरेंद्रही हसले, जरा ओशाळून. पुढच्या रविवारी ते फेरीला गेले नाहीत. उजव्या दिव्याचे नट त्यांनीच सोडवले. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून नट बोटांनी चाचपत होते. जुई ड्रायर धरून उभी राहिली. खरवडताना त्यांनी एकदाच मान वर केली.

"अगं, ड्रायर जरा जवळ धर," ते म्हणाले. "इथे मी भरपूर लावलंय."