दोन प्रोसेसरांचं मशीन

धाकटीने मशीनचा बाजूचा पत्रा काढला, आत एक फुंकर मारली आणि स्वतःच खोकत मागे सरकली.

"हळू," दादा म्हणाला. "जपून वापरलेलं आहे ते."

"दिसतंय," ती म्हणाली. तिने पत्र्यावर बोटाने रेघ ओढली, तेव्हा पत्र्याचा रंग कळला.

दादा तिच्या मागे खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, डॉक्टरसमोर पेशंटचे नातेवाईक बसतात तसा. मशीन म्हणजे जुना कॉम्प्युटर, आणि तसं ते आजारी नव्हतं. नवा प्रिंटर आणला होता, आणि मशीनचा जुना कर्नल त्याला ओळख द्यायला तयार नव्हता. कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला कारभारी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठलं काम द्यायचं, हे तो ठरवतो. तो बदलायला हवा होता. इतक्या जुन्या मशीनला हात लावायला बाजारात कोणी धजेना, आणि नवं मशीन घ्यायचं म्हणजे आपल्याला कधीतरी नव्याची गरज पडते, हे कबूल करणं आलं. तेव्हा दादाने बहिणीला फोन केला. ती धंद्यातून बाहेर पडल्यानंतरचा हा पहिलाच फोन. त्यात त्याने तिची आपुलकीने चौकशीही केली: "रविवारी मोकळी आहेस का?"

"हे पुढच्या खोलीतून इकडे कधी आणलंत?" तिने विचारलं.

"तुम्ही गेलात आणि लगेच," वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातून म्हणाली. "पुढे याची घरघर ऐकून गिऱ्हाईकं बिचकायची, वन्सं. इथे अडगळ होतीच, त्यात हे एक."

"अडगळ नाही," दादा म्हणाला. "घर चालतंय त्याच्यावर."

ते खरं होतं. पत्र्याच्या मोठ्या छपरांचे लोखंडी सांगाडे किती वारा, किती वजन पेलतील याची आकडेमोड करून द्यायची, हा दोघा भावंडांचा धंदा. दादा गिऱ्हाईक आणायचा, धाकटी आकडे काढायची. त्यासाठी तिने याच मशीनवर स्वतःचा प्रोग्राम लिहिला होता. मशीनमध्ये दोन प्रोसेसर, म्हणजे गणित करणारे दोन मेंदू, म्हणून तिने छपराचे मधोमध दोन भाग केले आणि एकेकाला एकेक वाटून दिला. दोघे आपापल्या भागाचं गणित करत आणि मधल्या सांध्यापाशी येऊन एकमेकांशी जुळवून घेत. भावंडांच्या धंद्याला याहून शोभणारा प्रोग्राम कोणाला सुचला नसता.

मग सासूच्या आजारपणात ती काही दिवस गावाला गेली. परत आली तर प्रोग्राम म्हातारा झालेला. सकाळी गणिताला लावलेलं छप्पर संध्याकाळपर्यंत पडद्यावर उभं राहीना. तिने ओळन् ओळ तपासली, चूक सापडली नाही. दादाने बाजारातून एक तयार प्रोग्राम आणला आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन्ही चालवून दाखवले. बाजारातला जिंकला. "यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही," दादा सर्वांदेखत म्हणाला, त्यामुळे ते तिच्या मनाला लागलं. "तुझं लिहिणं जुन्या वळणाचं आहे, एवढंच." त्याच आठवड्यात तिने टेबलाचा खण रिकामा केला.

आता नवा कर्नल बांधण्याआधी जुना कसा बांधला होता, हे ती पडद्यावर वाचत होती. वाचता वाचता तिचं बोट कळफलकावर थांबलं.

"हा कर्नल कोणी बांधला?"

"मीच," दादा म्हणाला. त्यात थोडा अभिमान होता. "तू सासूकडे होतीस तेव्हा. सगळे म्हणत होते, जुना ठेवू नका, धोका असतो. पण काय गं तो! प्रश्नावर प्रश्न. पोलिसांनी इतके विचारले नसते."

"मग तू काय उत्तरं दिलीस?"

"समजलं तिथे हो. नाही समजलं तिथे नाही."

न समजलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं, हे दादाचं जुनं धोरण होतं. त्याने पुष्कळ संकटं दारातूनच परत पाठवली होती, आणि त्यांच्यासोबत जे काही बरं आलं होतं तेही. कर्नलने त्याला सरळ विचारलं होतं की, एकाहून जास्त प्रोसेसर धरायचे का. फक्त विचारलं होतं इंग्रजी आद्याक्षरांत, आणि दादाने 'नाही' म्हटलं होतं.

म्हणजे तेव्हापासून दुसरा प्रोसेसर नुसता बसून होता. डोक्यावर पंखा, खायला वीज, काम काही नाही. तिच्या प्रोग्रामचे दोन्ही भाग एकट्या पहिल्याच्या अंगावर पडून एकमेकांना ढकलत होते. बाजारातला प्रोग्राम मुळातच एकट्यासाठी लिहिलेला, त्याचं काही अडलं नव्हतं. तिने ओळी तपासल्या होत्या, प्रोसेसर मोजले नव्हते. घरात माणसं किती, हे कोणी रोज मोजत नाही.

गार होत आलेला चहा तिने एका घोटात संपवला, नवा कर्नल बांधायला लावला आणि त्या आद्याक्षरांना 'हो' म्हणाली.

"बराच वेळ घेतं का हो हे?" वहिनीने विचारलं.

"घेतं."

"घेऊ दे. यांना सवय आहे. काम लावायचं आणि समोर बसून राहायचं. मी म्हणते, बघितल्याने लवकर होतं का?"

"लक्ष ठेवावं लागतं," दादा म्हणाला.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. प्रिंटरने एक कोरा कागद घशाखाली घालून परत दिला. दादाने टाळी वाजवली. धाकटीचं लक्ष तिकडे नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात आता दोन पट्ट्या दिसत होत्या, एका प्रोसेसरची एक. तिने तिचा प्रोग्राम शोधला, एक जुनं छप्पर त्याच्या हवाली केलं, आणि दोन्ही पट्ट्या एकदम वरपर्यंत गेल्या. वहिनी कप विसळून परत आली, तोवर छप्पर उभं होतं.

धाकटीने खुर्ची दादाकडे वळवली. प्रिंटरसाठी ती आली नव्हती. तिला एक वाक्य ऐकायचं होतं, आणि ते आता पडद्यावर इतकं स्पष्ट होतं की दादाला ते नुसतं वाचायचं होतं.

"वा!" दादा म्हणाला. "नवा कर्नल चांगला आहे हं. तुझा प्रोग्रामसुद्धा पळायला लागला."

"सुद्धा?"

"तसं नाही गं. शब्दात कशाला धरतेस?" त्याने मान खाजवली. "ये की परत. तुझं टेबल आहे तसंच आहे."

"त्याच्यावर इस्त्रीचे कपडे आहेत," वहिनी म्हणाली.

"कपडे उचलता येतात!"

धाकटीला हसू आलं. त्याच्याकडून याहून जास्त निघणार नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने मशीनला आधीच्याहून मोठं छप्पर लावलं. पंख्यांचा आवाज चढला. 'बरं, बघते' हे तिच्या ओठांवर आलंच होतं.

"ती खिडकी उघड आधी," दादा गळ्याचा घाम पुसत म्हणाला. "दोन्ही चालले ना, की या खोलीची नुसती भट्टी होते."

ती उठली. तिचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"या खोलीची?"

दादाने चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकाने पुसू लागला.

"या खोलीत दोन्ही कधी चालले, दादा? हे इथे आलं ते मी गेल्यावर."

"चहा टाक गं अजून थोडा," दादा बायकोला म्हणाला.

"चालवलं होतं की यांनी एकदा," वहिनी सहज बोलून गेली. "तुम्ही गेलात त्याच साली. मी आत आले तर हे घामाघूम. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, बंदच करतोय." मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रे उचलला.

धाकटीचा मूळ कर्नल, दादाने स्वतःचा बांधण्याआधीचा, मशीनमध्ये अजून होताच. सुरू करताना यादीत एक ओळ खाली उतरलं की झालं. दादा एकदा खाली उतरला होता, तिचा प्रोग्राम दोन्हींवर पळताना पाहून परत वर गेला होता, आणि त्यानंतर इतकी वर्षं अर्ध्या मशीनसमोर लक्ष ठेवून बसला होता.

तिने खिडकी उघडली, दोन्ही झडपा. मग परत खुर्चीत बसली, पर्समधून पेनड्राइव्ह काढला, प्रोग्राम त्यावर उतरवून घेतला आणि मशीनवरचा पुसला. पत्रा लावताना तिने एकही स्क्रू वगळला नाही.

"प्रिंटर चालतोय," ती म्हणाली. "मशीनही."

"जेवून जा," दादा चष्म्याकडे बघत म्हणाला.

पुढच्या खोलीत वहिनी टेबलावरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर रचत होती. धाकटीने तिच्या खांद्याला हात लावला आणि चपला शोधल्या. आतून कळफलकाचा आवाज आला. दादाने राहिलेलं छप्पर बाजारातल्या प्रोग्रामवर लावलं असावं, कारण थोड्याच वेळात त्याची हाक आली.

"अगं! हा परत एकच चालतोय! दुसरा आडवा पडलाय नुसता!"

ती दारात वाकून चपलेचा पट्टा नीट करत होती. तिने मान वर केली नाही.

"दोन्ही चालू आहेत, दादा. त्याला कोणी काम देत नाहीये."