पिवळ्या टोप्यांची दोन भोकं

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टरची प्रतिकृती आहे. प्रतिकृती कशाची, तर आठ आठवड्यांच्या मानवी गर्भाच्या उघड्या पोटाची. खरा गर्भ त्या वेळी तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा असतो, मी मात्र हातभर उंच आहे. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. प्लॅस्टरच्या जातीला धीट राहून परवडत नाही. आम्ही एकदा पडलो की डॉक्टर नाही, केरसुणी येते.

एका साचेकाम करणाऱ्या कारागिराने मला घडवलं. शरीररचना शिकवणाऱ्या बाई त्याच्या शेजारी पुस्तक उघडून बसत. रंग द्यायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "बाई, हे मुलाचं की मुलीचं?"

"अजून कुणाचंच नाही. या वयात सगळ्यांचं सारखंच असतं," बाई म्हणाल्या.

म्हणून त्याने माझ्यात नळ्यांच्या दोन्ही जोड्या बसवल्या. लाल जोडी वाढली की तिचं गर्भाशय होतं. हिरवी वाढली की पुरुषाचं बीज वाहून नेणाऱ्या नळ्या होतात. एक जोडी वाढते, दुसरी विरून जाते. खाली एक छोटा कोंब असतो, त्याचंही पुढे दोहोंपैकी एक काहीतरी बनतं. आणि वर, दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर, त्याने दोन पिवळ्या टोप्या खुंट्यांनी बसवल्या. त्या टोप्या म्हणजे दोन ग्रंथी.

बाई शिकवायच्या तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. लाल नळ्या मध्यावर नीट जुळल्या नाहीत तर गर्भाशयाला दोन कप्पे राहतात. कधी त्या वाढतच नाहीत, मग मुलगी मोठी होते पण तिला पाळी येत नाही. मुलाच्या वृषणांनी पोटातून खाली उतरायचं असतं, ती कधी वाटेतच अडकतात. "यात आईचा गुन्हा नसतो आणि बाळाचाही नसतो," असं बाई दर वर्षी सांगत. मग त्या टोप्यांवर बोट ठेवत. या ग्रंथींच्या कामातली एक पायरी जन्मतः बिघडलेली असली, तर मुलीच्या गर्भातही पुरुषी हार्मोन भरमसाट तयार होतात. मग बाळ आतून मुलगी असतं आणि बाहेरून मुलासारखं दिसतं. शिवाय अशा पुष्कळ बाळांच्या अंगात मीठ टिकत नाही, ती दूध ओकतात आणि सुकत जातात. "मुलगा की मुलगी म्हणून नुसतं खाली बघत बसाल, तर दोन आठवड्यांत बाळ हातचं जाईल," बाई बजावत. ते ऐकून दर वेळी माझाच थरकाप व्हायचा.

बाई निवृत्त झाल्या. एका परीक्षेच्या धांदलीत कुणाचं तरी कोपर लागलं आणि मी टेबलावर आडवी झाले. एका टोपीचा भुगा झाला. दुसरी घरंगळत बेसिनखाली गेली. "उद्या शोधू," असं सगळे म्हणाले आणि तो उद्या काही उजाडला नाही. नवे सर दोन भोकांकडे बघून म्हणाले, "ते सोडा, परीक्षेला येत नाही." त्या वर्षापासून माझ्यावर टोप्यांचा धडा शिकवणंच बंद झालं. मी आतून ओरडत होते, पण प्लॅस्टरचं कोण ऐकतं?

पुढे वर्गात मोठा पडदा आला आणि मी अडगळीत गेले. मला भंगारात काढणार त्याच दिवशी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आता लहान मुलांची डॉक्टर झाली होती. "हिच्यावर मी शिकले," असं म्हणत तिने मला उचलून आपल्या दवाखान्यात आणलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला धास्तीच वाटली, कारण ती टोप्या हरवल्यानंतरच्या वर्गातली होती. टोप्यांचं तिने पुस्तकात वाचलं असेलही, पण तिच्या बोटांना त्या ठाऊक नव्हत्या.

मी भीत होते तो दिवस आलाच. अकरा दिवसांचं एक बाळ आलं. सोबत आई, बाबा आणि आजी. जन्मल्यावर आधी 'मुलगा' सांगितलं होतं, मग 'नक्की सांगता येत नाही' असं सांगितलं. घरचे अकरा दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

डॉक्टरने मला टेबलावर ठेवलं आणि एकेक भाग काढून समजावू लागली. लाल नळ्या, हिरव्या नळ्या, कोंब. बाळ आजीच्या मांडीवर पडून होतं. ते रडतसुद्धा नव्हतं.

"याला दूध..." आईने सुरुवात केली.

"ते राहू दे गं," बाबा म्हणाले. "डॉक्टर, ऑपरेशन करून मुलगा होईल ना? लोकांना काय सांगायचं?"

"दूध टिकत नाहीये हो," आई पुन्हा पुटपुटली.

"बाळं ओकतातच दूध. थांब जरा," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. वर बघा! खालचं राहू द्या, वर बघा! बाळाची टाळू खोल गेलेली मला दिसत होती. ओठ सुकले होते. आणि डॉक्टरचं बोट अजून कोंबावरच होतं.

तेवढ्यात आजी पुढे वाकली. तिला नळ्यांमधलं फारसं कळत नव्हतं, पण मोडकं काय ते बरोबर दिसत होतं. "अहो डॉक्टर, ही दोन भोकं कसली? इथलं काही पडलंय का?"

"तिथं खरं तर ग्रंथींच्या टोप्या..." डॉक्टर बोलता बोलता थांबली. तिचं बोट भोकावर गेलं आणि तिथेच राहिलं. मग तिने मान वर केली. बाबांकडे नाही, आईकडे. "दूध कधीपासून टिकत नाहीये? सगळं सांगा."

"चार दिवस. सकाळपासून तर ओढतच नाही. लंगोटही कोरडाच..."

डॉक्टरने बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती वर तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. "सिस्टर, वजन! सलाईन लावा, रक्त पाठवा!" जन्मापेक्षा वजन बरंच उतरलं होतं. रिपोर्टची वाट न बघता तिने त्या ग्रंथींना बनवता न येणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन भरायला घेतलं. सगळे बाळाला घेऊन आतल्या खोलीत धावले.

टेबलावर मी एकटी उरले, अर्धी उघडी, माझे भाग इकडेतिकडे पडलेले. इतकी भीती मला पडतानाही वाटली नव्हती. आतून पावलांचे आवाज येत होते, पण बाळाचा येत नव्हता. बाबा दारापाशी उभे होते. आजी त्यांना रागावली नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने बाबांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची आत्या होती. तिचा आवाज मलाही ऐकू आला. "काय रे, ठरलं का? मुलगा की मुलगी?"

आत बाळ रडलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

"आत्या, मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "आणि आज विचारायचंही नाही. रडतंय बघ, ऐक." त्यांनी फोन दाराकडे धरला.

रिपोर्ट नंतर आले. आत गर्भाशय होतं, ती मुलगी होती. तिला रोज औषध घ्यावं लागेल, पण ती वाढेल, शाळेत जाईल. बाकीचे निर्णय घाईने घ्यायची गरज नाही, असं डॉक्टरने सांगितलं.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. वस्तूचा तुकडा पडला तर तो त्याच दिवशी शोधा. माणसाचं शरीर वेगळं घडलं तर त्याची लाज धरू नका, त्यावर हसू नका. आणि एखादी आई हळू आवाजात काही सांगत असेल, तर तिला मध्येच तोडू नका. तिचं बोलणं पुरं होऊ द्या.