मनोऱ्याचं तिकीट

धाकट्या भावाला 'सरकार' म्हणायला सुरुवात केली ती दादाने. दिवसभर खुर्चीत बसून हुकूम सोडतो आणि कुणी काही म्हटलं तरी खुर्ची सोडत नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं, असं दादाचं म्हणणं. पुढे आजार वाढला, चालताना तोल जायला लागला, तेव्हा त्या नावाची आणखी एक सोय निघाली. आतून धप्प आवाज आला की दादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचा, "पडलं का सरकार?" आणि जमिनीवरून उत्तर यायचं, "पडलं. पण विरोधकांनी हुरळून जाऊ नये." मग दोघं-तिघं मिळून त्याला उचलायची. हसत उचललं की वजन कमी लागतं, हे त्या घराने अनुभवाने शिकून घेतलं होतं.

ताई त्या हसण्यात असायची, पण हसताना तिचं लक्ष कुणाचा हात कुठे धरलाय याकडे असायचं. ती फिजिओथेरपिस्ट. हॉस्पिटलात दिवसभर लोकांना उठायला, बसायला, जिना चढायला शिकवायची, आणि बहुतेक लोक शिकून आपापल्या घरी जायचे. सरकारचा आजार त्यातला नव्हता. स्नायू झिजत जातात आणि झिजलेलं परत येत नाही. व्यायामाने उतार थोडा मंदावतो, एवढंच. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि आता त्याच्या मांड्यांवरून हात फिरवताना हातालाही कळत होतं.

दादाचं बिऱ्हाड आता वेगळं होतं. एका रविवारी तो, वहिनी आणि दोन मुलं लॅपटॉप घेऊन आली, ती सहल ठरवायलाच. लांबच्या थीम पार्कची सहल, गेली दोन वर्षं नुसती बोलण्यात असलेली.

"हे बघा, तिकिटं तीन तऱ्हेची," वहिनी म्हणाली. "एका दिवसाचं सोडाच. एवढ्या लांब जाऊन एका दिवसात काय डोंबल बघणार? हे तीन दिवसांचं. पण ते गर्दी नसतानाचं, म्हणजे पुढच्याच महिन्यात वापरायचं. आणि हे सात दिवसांचं. आतच राहायचं, पोहायचा तलाव, सगळ्या राइड्स. ते मुलांच्या मोठ्या सुट्टीत."

"मोठ्या सुट्टीत तिथे मुंग्यांसारखी माणसं असतील," दादा म्हणाला. "दोन-दोन तास रांगेत उभं राहायचं म्हणजे सहल की शिक्षा?"

"तिथेच तर गंमत आहे." वहिनीने एकदा सरकारकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे. "चाकांच्या खुर्चीतलं माणूस बरोबर असलं, तर वेगळ्या दाराने सोडतात. रांग नाही. त्याच्याबरोबर आणखी पाच जणांना."

आजवर सहल निघाली की सरकार मागे राहायचा. "तुम्ही या जाऊन, घर कुणी राखायचं?" असं तो स्वतःच आधी म्हणून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणावं लागू नये. ताई आणि आई त्याच्याबरोबर राहायच्या. यंदा पहिल्यांदाच 'आपण सगळे' या शब्दांत तो होता, आणि का होता, तेही आता सगळ्यांना कळलं होतं.

"म्हणजे मीच तुमचा पास," सरकार म्हणाला. "वा! बाजारात नाही, निदान रांगेत तरी आपल्याला भाव आला. आई कशात बसणार नाही, म्हणजे पाच जण बरोबर जमले. पण सरकारची एक अट आहे. मला मनोऱ्यात बसायचंय."

चिमणीने, दादाच्या मुलीने, लगेच त्याला व्हिडिओ लावून दाखवला. उंच मनोरा, त्याच्याभोवती गोल आसनं. माणसं सावकाश वर जातात, टोकाला थांबतात, आणि मग त्यांना एकदम खाली सोडून देतात.

"शी! काय किंचाळतायत मेले," आई म्हणाली.

"आयुष्यभर फुकट पडतोय, आई. एकदा तिकीट काढून पडू दे. तेही आजूबाजूला वीस माणसं पडत असताना."

वहिनी नियम वाचायला लागली. वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. "'पाहुण्याला आसनावर स्वतःहून बसता-उठता आलं पाहिजे. उचलून ठेवायला परवानगी नाही.'"

"मग? येतं की!" सरकार म्हणाला. त्याने आपल्या नेहमीच्या खुर्चीच्या दांड्यांवर तळवे रोवले, पुढे झुकला, श्वास घेतला आणि उठला. उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "उठलं सरकार! बघून घ्या. गेल्या वर्षीही उठत होतो, आजही उठतो. डॉक्टर काय, बोलतात. त्यांना बोलायचेच पैसे मिळतात. मी जिथल्या तिथे आहे."

ताईने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीला निळं कव्हर होतं आणि कव्हरला जमिनीपर्यंत झालर. झालरीच्या आत, चारही पायांखाली, लाकडी चकत्या होत्या. बोटभर जाडीच्या, खाच पाडलेल्या, एकीवर एक घट्ट बसणाऱ्या. हॉस्पिटलातल्या सुताराकडून तिनेच करून घेतल्या होत्या.

सुरुवात वर्षापूर्वी झाली. एका संध्याकाळी सरकारला खुर्चीतून उठता आलं नाही. तीनदा प्रयत्न करून तो थांबला आणि विनोद न करता म्हणाला, "ताई, हे गेलं ना, की मग मला कुठे नेऊ नका, काही करू नका. नुसतं असू द्या." पुढचे चार दिवस तो जेवला-न जेवल्यासारखाच. पाचव्या दिवशी तो आंघोळीला गेलेला असताना तिने पहिला थर घातला. बाहेर येऊन तो बसला आणि उठला. "बघ, अशक्तपणा होता नुसता," म्हणाला आणि दुपारी दोन वेळा वाढून घेतलं. खुर्ची उंच करणं हा उपाय तिने कितीतरी घरांत सांगितला होता. तिथे तो सांगून केला होता, एवढाच फरक.

मग दुसरा थर, तिसरा, चौथा. टेबलाखालीही तेवढेच, म्हणजे शंका यायला नको. दर वेळी आई झालर उसवून एक पट्टी जोडायची. पलंग हॉस्पिटलचाच, कळ दाबून वर-खाली होणारा, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. सरकारला वाकून खाली बघता येत नसे. एकदाच तो म्हणाला होता, "समोरच्यांनी झाड छाटलं वाटतं. गॅरेजची पाटी दिसायला लागली."

ताई पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. आई मागोमाग आली आणि दार लोटून घेतलं.

"काही बोलायचं नाही," आई म्हणाली.

"आई, मी त्या पार्कला फोन केला होता. तिथलं आसन आपल्या आताच्या खुर्चीएवढंच उंच आहे. पुढच्या महिन्यात गेलो तर जमेल, जेमतेम जमेल. मोठ्या सुट्टीपर्यंत नाही."

"कशावरून? देवाच्या मनात असलं तर..."

"माझ्या हाताला कळतं."

"मग पुढच्या महिन्याचं ठरव. पण चकत्यांचं नाव काढू नकोस. त्या चार दिवसांसारखा तो परत बसला, तर मला बघवणार नाही. मी आधी जाईन, सांगून ठेवते."

ताई बाहेर आली. "मला वाटतं, तीन दिवसांचंच घेऊ या," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यातलं."

"आणि शाळा?" वहिनी म्हणाली. "परीक्षा आहेत दोघांच्या. तुला काय गं, रजा टाकली की झालं."

"गर्दी कमी असते ना तेव्हा."

"गर्दीचं आपल्याला काय?" सरकार म्हणाला. "पास बसलाय ना इथे." सगळे हसले.

"सुट्टीत ऊन असतं. त्याला त्रास होईल."

"मी काय लोणी आहे वितळायला?" त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. "ताई, खरं कारण सांग. तू अशी निमित्तं काढणारी नव्हेस."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. एक वाक्य पुरलं असतं. ते तिला पाठ होतं. अशी वाक्यं रोग्यांच्या नातेवाइकांना सांगायची तिला सवय होती, आवाज कसा ठेवायचा, कुठे थांबायचं, सगळं. दारात आई पदराला हात पुसत उभी होती. हात कधीच कोरडे झाले होते.

"काही नाही," ताई म्हणाली. "आपलं वाटलं."

"मग सुट्टीतच," सरकार म्हणाला. "पोरांचं वर्ष बुडवून मला पडायचं नाही. आठ महिने म्हणजे काय, हां-हां म्हणता जातील. मी कुठे पळून चाललोय?"

"सात दिवसांचं, सात माणसं," वहिनी पुटपुटली. "एकदा घेतलं की बदलत नाहीत हं, परतही घेत नाहीत. दाबू ना?"

"दाबा," सरकारने हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवसापासून सरकार तयारीला लागला. एका कंपनीच्या मदत-फोनवर तो घरबसल्या काम करायचा. कुणाचं धुलाई यंत्र अडलं, कुणाचा पंखा कुरकुरला, की तो त्यांना काय करायचं ते सांगायचा. दोन फोनांच्या मध्ये तो आता खुर्चीतून उठायचा आणि बसायचा. "मनोऱ्यासाठी," म्हणायचा. ताईने त्याला सांगितलं, की या आजारात स्नायूंना इतकं दमवायचं नसतं. त्याने ऐकलं नाही. चिमणी रोज संध्याकाळी फोन करायची, "काका, आज किती?" आणि तो आकडा सांगायचा. पुढे पुढे तो आकडा थोडा वाढवून सांगायला लागला. ताई ते शेजारच्या खोलीतून ऐकायची.

दोन महिन्यांनी एका सकाळी तो एकदाही उठला नाही. "रात्री झोप नीट लागली नाही," म्हणाला, आणि आईबरोबर चाकांच्या खुर्चीतून आंघोळीला गेला.

पाचव्या थराच्या चकत्या ताईच्या कपाटात होत्या. ती त्या हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. गणित साधं होतं. खुर्ची जितकी उंच, तितकं उठणं सोपं. पण पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत, नाहीतर रेटा द्यायचा कशावर? सरकारच्या पायांची लांबी काही वाढणार नव्हती. तरी तिने चकत्या घातल्या, टेबलाखालीही घातल्या. झालर थोडी वर उचलली गेली. ती दुपारी आई बघणार होती.

तो दोघींच्या आधाराने येऊन बसला. दांड्यांवर हात ठेवले, पुढे झुकला आणि तसाच थांबला. पायांकडे बघितलं. आता ते त्याला दिसत होते, लोंबल्यासारखे थोडे पुढे आलेले. चवडे टेकले होते. टाचा अधांतरी होत्या.

"ताई, या आजारात पाय आखूड होतात का गं?"

"नाही."

त्याने मान वर केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. गॅरेजची पाटी आता पूर्ण दिसत होती, अगदी खालच्या फोन नंबरासकट.

"म्हणजे झाड कुणी छाटलं नव्हतं."

ताईची नजर झालरीकडे गेली.

"किती आहेत?"

"पाच थर."

"आईला माहीत आहे?" विचारून त्याने झालरीची वरची शिवण चिमटीत धरली आणि स्वतःच म्हणाला, "असणारच. इतकी सरळ टीप तुला कुठली यायला." मग म्हणाला, "काढ सगळ्या. बघू दे मला, मी कुठे आहे ते."

"आज नको. आज दमलायस."

"काढ म्हटलं ना."

तिने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं, जमिनीवर बसून एकेका पायाखालच्या चकत्या काढल्या आणि त्याला परत निळ्या खुर्चीत आणलं. खुर्ची किती बुटकी होती, हे तीही विसरली होती. त्याने तळवे रोवले. झुकला. दंड थरथरले, मानेच्या शिरा फुगल्या. कव्हरला साधी सुरकुतीसुद्धा पडली नाही. दुसऱ्यांदा नुसता श्वासच मोठा झाला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही.

"त्या रविवारी तू पुढच्या महिन्याचं म्हणत होतीस," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तेव्हा गेलो असतो, तर मनोऱ्याच्या आसनावर जमलं असतं?"

इतके दिवस ती याच प्रश्नाला घाबरत होती. अजूनही खोटं बोलता आलं असतं. 'तेव्हाही कठीणच होतं' म्हटलं असतं तर त्याला कदाचित बरं वाटलं असतं. पण वर्षभर ती तेच करत आली होती.

"जमलं असतं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, एखादा ग्राहक यंत्राचा बिघाड समजून घेतो तशी. आतून शिवणयंत्राचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. आईने वाढवायची पट्टी आधीच घेतली होती.

"चल, उठव मला," तो म्हणाला. "कामाची वेळ झाली. टेबलाशी ने."

टेबल आता खुर्चीच्या मानाने उंच होतं, म्हणून तिने त्याला चाकांच्या खुर्चीत घ्यायचं ठरवलं. काखेत हात घातले, गुडघ्याला गुडघा लावला आणि उचललं. कुणी हसलं नाही. तो पहिल्यांदाच इतका जड लागला.

"यालाच म्हणतात ना उचलून ठेवणं?" तो तिच्या खांद्यावरून म्हणाला. "तिथे हे चालत नाही."

त्याला बसवून तिने त्याचे पाय खुर्चीच्या पायठ्यांवर नीट ठेवले.

"चिमणीला सांगू नकोस," तो म्हणाला. "सहल होऊ दे. पास तर मी अजून आहेच."

फोन वाजला. त्याने कानाला हेडफोन लावला, घसा साफ केला. त्याचा आवाज नेहमीसारखाच निघाला, गोड आणि तत्पर.

"नमस्कार, बोला. अडकलंय? घाबरू नका. एकदा बंद करून परत चालू करून बघितलंत का?"

ताई जमिनीवर बसून चकत्या गोळा करत होती. खुर्चीच्या पायांनी जुन्या चकत्यांवर गोल वळ उठवले होते. त्या ओच्यात घेऊन ती उठली. त्या आता कुठे ठेवायच्या, हे न सुचून ती तशीच खोलीच्या मधोमध उभी राहिली.