आठ बल्बांची पेटी

"जीव लावलेली वस्तू जो देऊन टाकते ना पोरी, त्याले एकटं सोडू नये," असं म्हणत चंपाबाईनं बसच्या खिडकीतून लाकडी पेटी वर दिली.

वच्छलानं पेटी मांडीवर घेतली, चार वर्षांच्या गौतमीला बाजूला सरकवलं आणि ती हसली.

"मामानं भाचीले द्यायचंच असते, मावशी. तुमी बी काहीबाही काढता!"

चंपाबाई तिच्या भावाची शेजारीण. भाऊ, देवमन, दारातूनच हात हलवून आत गेला होता. आई गेल्यापासून कामरगावच्या घरात तो एकटाच. अकोल्याच्या रेडिओ दुकानातली नोकरीही उन्हाळ्यात सुटली होती.

सत्तर साली, वच्छला आठवीत असताना, त्यानं मासिकातली एक आकृती पाहून ही पेटी जोडली होती. चहाच्या खोक्याच्या फळ्या, टॉर्चचे आठ बल्ब, भंगारातले खटके. पेटी बेरीज करायची. पहिला बल्ब एकाचा, दुसरा दोनाचा, तिसरा चाराचा.

"पाच म्हंजे कोन्ते?" तो विचारी. चुकलं की डोक्यात टपली.

वच्छला बी.ए. झाली, वाशीमच्या बँकेत हँडल फिरवायचं हिशेबाचं यंत्रही तिनं पाहिलं. पण आवडती पेटी हीच. तिची मागची फळी मात्र देवमन कुणाला काढू देत नसे. "बिघडली त मी हाओ ना!"

दुपारी शिरपूरला घरी पोचल्यावर गौतमीनं खटके दाबले. बल्ब मिणमिणले. सेल बदलावेत म्हणून वच्छलानं फळी काढली.

आत प्रत्येक तारेला कागदाचा तुकडा चिकटवलेला. शाई ताजी. 'ही निघाली तर इथे जोडावी.' 'हा गेला तर टॉर्चचा कोणताही बल्ब चालेल.' आणि फळीच्या आतल्या बाजूला: 'वच्छे, आता कोणाला विचारायची गरज नाही.'

"आई, पाच कोन्ते?" गौतमी विचारत राहिली. "आई, सांग ना!"

वच्छलानं तिला उचललं. चपला घालायच्या राहिल्या.

पोस्टातून कामरगावला फोन लागला नाही. स्टँडवर पुढची बस तासाभरानं होती. भाड्यानं माणसं नेणाऱ्या भाऊसिंगची जीप तेवढी सुटायच्या बेतात. यात्रेकरू मागच्या पायरीवरही लटकलेले.

"भाऊ, कामरगाव?"

"कारंज्यापर्यंतच जातो, ताई. अन् जागा कुठी हाय? पोरगी हाय तुमच्या संग. तिले काय टपावर बसवू?"

तिनं पिशवीतलं कोरं पोस्टकार्ड काढलं, जीपच्या बोनेटवर ठेवून लिहिलं. बोनेट तापलं होतं. अक्षर वाकडं आलं.

"कारंज्याच्या स्टँडवर कामरगावले जाणारं जे कोनी भेटंल, त्याले द्या. पाया पडतो तुमच्या."

"मले वाचता येत नाही. काय सांगू त्याले?"

"काही सांगू नका. तिथंच वाचाले लावा."

भाऊसिंगनं तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, कार्ड टोपीत खोचलं आणि गाडी सुरू केली. कार्डावर होतं:

'वाचणाऱ्यास. कामरगावात विहारामागे निळ्या दाराचं घर आहे. तिथे देवमन पुंजाजी राहतो, माझा मोठा भाऊ. तुम्ही मला ओळखत नाही, तरी आपल्या घरी जायच्या आधी त्याच्याकडे जा. दार वाजवा. आतून बरा आहे म्हणाला तरी परतू नका. दार उघडायला लावा, पाणी मागा, काहीही बोला. मी मागून येणाऱ्या बसनं येते आहे. तोवर त्याच्यापाशी बसा.'