डावीकडचे पोचे

नाजी मिस्त्रीने लाकडी हातोडा उगारला, तोच महशीद नळीसमोर आडवी उभी राहिली.

“उस्ता, आता मारायचं नाही.”

“मग काय विनवण्या करू हिच्या? कारखाना बंद पडेल, इंजिनिअरबाई!”

खाडीवरून दमट वारा सुटला, की नळीतून जाणारी प्लास्टिकची गरम भुकटी भिजवलेल्या कणकेसारखी चिकटायची आणि नळी वाकणावर तुंबायची. इराणमधल्या महशहरच्या या कारखान्यात एकतीस वर्षं त्यावर एकच उपाय होता, हातोडा. पण या महिन्यातली ही चौथी खेप. पुन्हा तुंबली तर विभागाला कुलूप, असं वरून बजावलं होतं.

महशीदने ते वाकण उतरवून उभं चिरायला लावलं. आतून सगळी टेंगळंच टेंगळं, आणि प्रत्येकामागे भुकटीचा घट्ट थर.

“बाहेरून पोचा, आतून टेंगूळ,” ती हळूच म्हणाली. “तिथेच अडते. मोकळी करायला मारत गेलात, म्हणून तुंबत गेली.”

नाजी उकिडवा बसला. उजवीकडचे पोचे उथळ, ते त्याचे. डावीकडचे खोल. त्याचा जोडीदार खलफ डावखुरा होता. समोरासमोर उभं राहून दोघं आळीपाळीने घाव घालायचे, खलफ मोठ्याने नावाड्यांची गाणी म्हणायचा. “नाज्या, नेम चुकला तर माझ्या नाकाचा समोसा होईल हं!”

खलफला जाऊन सहा वर्षं झाली. कँटीनमध्ये त्याचा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘याने कारखाना एक दिवसही बंद पडू दिला नाही.’ त्याची बायको दर ईदला येऊन काच पुसून जाते.

महशीदने गुळगुळीत, मोठ्या वळणाची नळी बसवली. भुकटी आधी थंड करायची, हवा कोरडी सोडायची. पुढच्या गुरुवारपर्यंत नळी एकदाही अडली नाही. नाजी तिला कान लावून बराच वेळ उभा राहिला. आत रेशीम सरकल्यासारखा आवाज होता.

त्या संध्याकाळी महशीद कागद घेऊन आली.

“वर कारण कळवायचंय, उस्ता. ते नावं मागतायत. डावीकडचे पोचे सगळ्यात खोल आहेत. कोणाच्या हातचे?”

“माझ्या.”

“पण तुम्ही तर उजव्या हाताने...”

“तरुणपणी दोन्ही हात चालायचे, पोरी.”

तिने पेनाचं टोपण काढलं.

“नीट लिही,” नाजी म्हणाला. “नाजी सवारी. एकट्याचंच.”