बुडण्याची शाबासकी

मी एक जुना बुचाचा तुकडा आहे, मित्रांनो, आणि माझं आयुष्य मला अजून नीटसं उमगलेलं नाही. पूर्वी मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं तोंड धरून बसायचो. चुकून कोणी मला आत ढकललं की घरात आरडाओरडा व्हायचा. औषध संपलं तेव्हा मालकांनी दाभण तापवून माझ्या पोटाला आरपार भोक पाडलं, त्यात काडी खोवली आणि बाईंच्या नखांच्या लाल रंगाने माझं डोकं रंगवलं.

"रंगाची सगळी बाटली संपवलीत ना?" बाई म्हणाल्या.

"अगं, लांबून दिसायला नको का?"

तेव्हापासून मी गळाच्या दोरीवर तरंगू लागलो. पाण्यावर ताठ उभं राहायचं काम मी इमानेइतबारे करायचो. पण मी उभा असलो की मालक जांभया द्यायचे, आणि माशाने मला खाली खेचलं की खूश व्हायचे. बुडाल्याबद्दल शाबासकी मिळायची. आता यात काय समजायचं?

मग मालकांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. मी बाईंच्या शिलाई मशीनच्या खणात बटणांबरोबर पडून राहिलो. चार महिन्यांत मला वाटू लागलं की मीही बटणच आहे. मालक दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायचे.

"वाचा येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. भिंतीशी कोण बोलणार?"

दुसऱ्या सकाळी बाईंनी खण उघडला.

बाईंनी जन्मात मासा धरला नव्हता. त्या कपडे शिवायच्या. मालकांना चाकाच्या खुर्चीत बसवून त्या तळ्यावर आल्या आणि त्यांनी गळात गांडूळ ओवलं ते धावदोरा घालावा तसं, टाके अगदी समान आणि गळाचं टोक उघडं. मला त्यांनी गळाला खेटूनच बांधलं. मी पाण्यात आडवा आणि आमिष माझ्या शेजारी तरंगतंय. मालकांनी डाव्या हाताने कपाळ बडवलं.

"अहो, नुसती मान काय हलवता? वर सरकवू का याला? आणखी वर?"

मालकांचं डावं बोट वर वर जात राहिलं. मी हातभर सरकलो, शिशाच्या मण्याने आमिष खाली नेलं आणि मी ताठ उभा राहिलो. गळाचं टोक गांडुळात लपवायचं, हेही मालकांनी खुणेनेच शिकवलं. पण मी जरा हललो की बाई लगेच गळाची काठी उपसायच्या आणि रिकामा गळ वर यायचा. तीन दिवस मासे फुकटात जेवून गेले.

चौथ्या दिवशी मालकांनी डावा पंजा वर धरला. थांब, असा त्याचा अर्थ. मी हललो, पुन्हा हललो. बाईंची नजर पंजावरून हटेना. मग खाली काहीतरी जड लागलं आणि मी डोक्यासकट पाण्यात गेलो. पंजा खाली घ्यायचं मालक विसरलेच.

"अगं..." मला पाण्यातूनही ऐकू आलं. "अगं, ओढ."

बाईंनी ओढलं नाही. काठी धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मासा आमिष घेऊन पसार झाला आणि मी टुणकन वर आलो. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं.

"परत म्हणा," बाई म्हणाल्या.

"ओढ."

"ते नाही हो. त्याच्या आधीचं."

हाती मासा नाही, आणि दोघं रडत काय होती, हसत काय होती. मित्रांनो, मी पुरता गोंधळलो. मला सांगता येईल ते एवढंच. काम झालं की आम्हाला पुसून कोरडं करा. गळ काठावर टाकून येऊ नका, कुणाच्या तरी पायात जाईल. आणि खणात टाकून विसरू नका, मला नाही आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसालाही नाही.

त्या दिवशी मी बाईंच्या मुठीत घरी आलो. ही शाबासकी तरंगण्याची होती की बुडण्याची, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.