दोऱ्याविना फणी

मी एक फणी, शिसवी लाकडाची, दोन्ही बाजूंना बारीक दात असलेली. माझं ऐकण्यासारखं काही आहे का, याची मला खात्री नाही. जन्मभर उवा काढल्या, एवढंच. त्यातल्या किती मीच वाटल्या, हा सल मात्र जात नाही.

अकोटच्या बाजारातून पार्वताबाईनं मला आणलं. तेव्हा समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातला कापूस भराभर उचलला जात होता. तिचा नवरा सूर्यभान, ती आणि आठ वर्षांची जमुना, तिघंही दिवसभर वावरात. पोरीचं डोकं पाहायला सवड कुणाला? जमुनाच्या केसांत उवा झाल्या, लिखा झाल्या. खाजवून खाजवून मानेवर खपल्या धरल्या.

उवा मी ओढून काढते. लिखा मात्र केसाला चिकटून बसतात. त्यांच्यासाठी माझ्या दातांमध्ये सुताचा दोरा घट्ट गुंडाळावा लागतो. हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण कापूस गाड्या भरून बाहेर चालला आणि घरचा चरखा माळ्यावर चढला. कापसाच्या मुलखात हातभर सूत मिळेना. मी दोऱ्याविनाच फिरत राहिले, आणि आठ दिवसांत लिखांच्या पुन्हा उवा होत राहिल्या.

एके सकाळी सूर्यभान म्हणाला, "उद्या न्हाव्याले बोलावतो. चकोट करून टाकू."

जमुनानं दोन्ही हातांनी वेणी धरली. "माय, माहे केस नको वो कापू देऊ."

"पोरीचं डोकं भादरता काय?" पार्वताबाई म्हणाली.

"मंग वेचनी सोडून तू उवा पाहात बसतं?"

"बसतो. आज मी वावरात येत नाही."

तो बडबडत निघून गेला. पार्वताबाईनं आपल्या नव्या लुगड्याच्या पदराच्या दशा उपसल्या आणि माझ्या दातांत गुंडाळल्या. डोक्याला करंजाचं तेल चोळलं. पांढरं फडकं अंथरून बट बट घेत ती दुपार कलेपर्यंत बसली. मी थकले, तिचे हात थकले. जमुना तिच्या मांडीवर झोपून गेली. अखेर केस स्वच्छ झाले. वेणी वाचली.

तेवढ्यात शेजारची आशाबाई आली. "दे वो फणी. माह्या पोट्ट्याचं डोकं खाजून राहिलं."

फणी मागितली तर नाही म्हणायची तिथे रीत नव्हती. मागच्या खेपेला मी तिच्या घरून परतले, तेव्हा माझ्या दातांत काय दडलेलं होतं, ते मलाच माहीत होतं. सांगणार कशी? पार्वताबाईनं मला द्यायला हात पुढे केला. जमुना डोळे चोळत उठली आणि माझ्या दोऱ्यात वळवळणारी एक ऊ तिला दिसली.

"थांब वो काकू," ती म्हणाली, आणि मला ओढून घेऊन तिनं चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकलं.

"फणी वाकडी होईन ना, बाई," आशाबाई म्हणाली.

"होऊ दे. वापस आनसान तवाबी टाकतो."

त्या पाण्यात माझे तीन दात गेले, पुढच्या खेपांच्या उकळण्यांत आणखी. आता मी कोनाड्यात पडून आहे, वाकडी, निम्म्या दातांची. मी फार काही केलं असं वाटत नाही. एकच मागणं आहे: माझ्यासारखी एखादी हातात आली, तर दुसऱ्या डोक्यावर नेण्याआधी तिला उकळत्या पाण्यात टाका. दात गेले तरी चालतील.